पिवळ्या ओळीतला एक हिरवा वेल

लोक विचारतात, बाई, तुम्ही इतकी वर्षं दारूच्या कारखान्यात करत काय होता? मी सांगते, खड्डे खणत होते. मग ते हसतात. हसू द्या, खरं तेच आहे. मीटरभर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल खड्डा घ्यायचा, आत उतरून मातीच्या भिंतीला नाक लावून बसायचं आणि वर आलं की कागद भरायचे. माझ्या सासूबाई मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीत सांगायच्या, ‘सून औषधांच्या कंपनीत आहे.’ वाइन आणि देशी यात त्यांना काडीचा फरक वाटत नव्हता. एरवी मी भांडायची एक संधी सोडत नाही, पण या बाबतीत गप्प बसले. घरातली शांतताही महत्त्वाची असते.

शिक्षण माझं मातीचं. कारखाना वेरूळच्या अंगाला होता, त्याच्या स्टीलच्या टाक्या वाळूजच्या एका वर्कशॉपनं केलेल्या, जे तोवर फक्त दुधाच्या टाक्या करत होतं. मळे तीन-चार ठिकाणी होते. माझ्याबरोबर जीप चालवायला रहीमभाई असायचे, आणि वाइन करायला नाशिकहून आलेल्या केतकी मॅडम. शेतकरी मला ‘मातीवाली बाई’ म्हणायचे. कारखान्याचं नाव मी लिहीत नाही, आणि ज्या गावाबद्दल लिहायला बसले आहे त्याचंही नाही. का ते वाचताना कळेल.

आधी धंदा समजून घ्या, नाहीतर पुढचं उमजायचं नाही. खायचं द्राक्ष वेगळं आणि वाइनचं वेगळं. वाइनचा मणी लहान, जाड सालीचा, बियांचा. तोंडात टाकलात तर थुंकाल. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सगळा सालीत न् बीत असतो, म्हणून मणी जितका बारका तितकं बरं. आता मणी बारका राहावा तर वेलानं फार खाऊन-पिऊन असता कामा नये. गंगापूरकडं काळ्या जमिनीत एका भाऊसाहेबांनी आमच्यासाठी शिराझ, म्हणजे लाल वाइनची एक जात, लावली होती. मला बांधावर उभं करून अभिमानानं म्हणाले, ‘‘बघा बाई, कसा माजलाय वेल!’’ मी म्हटलं, ‘‘भाऊसाहेब, माजलाय हेच तर दुखणं आहे.’’ महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी. त्यांच्या द्राक्षाची वाइन निघाली ती कोकम सरबताच्या रंगाची. चवीला म्हणाल तर सरबत बरं. तीच रोपं, त्याच दिवशी, डोंगराच्या मुरमात लावली होती. तिथं मुळं पाण्यासाठी दगडाच्या फटी शोधत चार हात खाली गेली, मणी हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा झाला, आणि दिवसा ऊन, रात्री गारठा असल्यानं रसातला आंबटपणा टिकला. वाइन अशी काळीजांभळी, की पेल्याच्या आरपार बोट दिसेना. थोडक्यात, वेलाला सुख दिलं की द्राक्ष बिघडतं. सासूबाईंचं सुनांबद्दल हेच मत होतं.

एक थाप मात्र मला सहन व्हायची नाही. कारखाना बघायला पाहुणे आले की त्यांना सांगितलं जायचं, ‘या वाइनमध्ये आमच्या मातीचा वास उतरलाय.’ मी तिथं असले तर मध्ये तोंड घालायची. ‘‘मुळं पाणी ओढतात, क्षार ओढतात. वास ओढत नाहीत. माती वेलाला वळण लावते, अत्तर नाही लावत.’’ कारखान्याचे साहेब डोळे वटारायचे. हे वाक्य मी ठसक्यात शेकडो वेळा बोलले असेन. पुढं त्याच वाक्यावर तोंडघशी पडले.

डोंगराच्या पोटाला आमचा एक शिराझचा तुकडा होता. जमीन कारखान्यानं घेतली तेव्हा तिथं मधोमध एक पांढुरकं टेकाड होतं. ते डोझर फिरवून सपाट केलं आणि ओळी आखल्या. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या छाटणीनंतर नवी पालवी आली ती काही ठिकाणी पिवळी. शिरा हिरव्या, मधलं पान पिवळं. हे मातीवाल्या माणसाला लांबून कळतं. मातीत चुना जास्त झाला की तो लोह अडवून धरतो. लोह असतं, पण वेलाला मिळत नाही. भरल्या कोठाराला बाहेरून कुलूप आणि दारात उपाशी माणूस, असा प्रकार. चुना आहे का हे बघायलाही सोपं. मातीवर पातळ आम्लाचे दोन थेंब टाका, फसफसली की चुना. पण हा मुरमाड डोंगर. इथं इतका चुना येतोच कुठून? आणि पिवळेपण एका जागी नव्हतं. पट्टे होते. एक ओळ तुटायची, दुसरीत तिरपं पुढं जायचं, तिसरीत काटकोनात वळायचं. मी चार दिवस कुपीनं थेंब टाकत त्या ओळींतून वाकून हिंडले आणि कंबर धरून घरी गेले. काही उलगडेना.

पाचव्या दिवशी रहीमभाईंनी जीप डोंगराच्या रस्त्यानं वर घेतली होती, त्यांना पंक्चरवाल्याकडं जायचं होतं. वळणावर गाडी थांबवली आणि खाली बघत राहिले.

‘‘ताई, उतरो जरा. ये देखो.’’

‘‘काय आहे?’’

‘‘ये तो पूरा मोहल्ला है ताई.’’

मी खाली पाहिलं आणि नोव्हेंबरच्या भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. हिरव्या मळ्यात पिवळ्या रेघांनी गाव काढलेलं होतं. चौकोनी घरं, घराला लागून घर. मधून बोळ. एका टोकाला रुंद रस्ता, तो जिथं संपतो तिथं गोल जागा. खालून चालताना मी चार दिवस लोकांच्या घरांतून, भिंतींतून, दारांतून आरपार फिरत होते आणि मला पत्ता नव्हता. रहीमभाई पुटपुटले, ‘‘या अल्लाह,’’ आणि पंक्चर विसरून गाडी मागं फिरवली.

तलाठ्याकडं निजामाच्या वेळचं जुनं पत्रक होतं. त्यात त्या जागेपुढं गावाचं नाव आणि एकच शब्द, बेचिराख. आपण हा शब्द जळून खाक या अर्थानं वापरतो. जुन्या महसुलाच्या कागदांत त्याचा अर्थ एवढाच, की या गावात आता दिवा लागत नाही. म्हणजे ते टेकाड ही त्या गावची पांढरी होती. शेताची माती ती काळी आणि माणसांच्या वस्तीची ती पांढरी, हे आपल्याकडं पोरासोरांनाही माहीत असतं. पिढ्यान्‌पिढ्या चुलीतली राख, भिंतींची माती, चुना, शेण, सगळं साचून ती होते. पडलेल्या भिंती ती जमिनीत धरून बसते, आणि त्या भिंतींवर आमचे वेल उभे होते.

हे मी कारखान्यात फक्त केतकी मॅडमना सांगितलं. तरी दुसऱ्या दिवशी अंजनाबाई माझ्यासमोर येऊन उभी.

अंजनाबाई आमच्याकडं वेल बांधायला यायची. सत्तरीच्या पुढची, काटक, तोंडानं फटकळ. तिच्या हाताला तोड नव्हती. तिनं बांधलेली काडी वादळात सुटायची नाही. पण खोड एकच. त्या तुकड्याशिवाय दुसरीकडं कामाला जायची नाही. मुकादमानं दरडावलं तर म्हणायची, ‘‘घाल तुझी हजेरी चुलीत.’’ मला वाटायचं, म्हातारीला चढ-उतार नको असेल.

‘‘ताई, डोंगरावरनं गाव दिसतंय म्हणं.’’

‘‘कोण म्हणालं?’’

‘‘डायवर. मला घिऊन चला वर.’’

‘‘कशाला गं?’’

‘‘मपलं गाव हाय ते.’’

मी तिला जीपमध्ये घातलं. वर त्या वळणावर ती पदर कपाळावर धरून बराच वेळ बघत राहिली. मग हात पुढं करून बोलायला लागली, घरात कुठं काय ठेवलंय हे सांगावं तशी.

‘‘ही येस. ह्यो मारुतीचा पार. हिकडं आमची बोळ. पयलं घर सुताराचं, दुसरं चुलत्याचं.’’ बोट थांबलं. ‘‘तिसरं आमचं. दारात त्यो हिरवा कोण उभा हाय?’’

माणूस नव्हता. वेल होता. तिसऱ्या चौकोनाच्या पिवळ्या रेघेत, बरोबर बोळीच्या बाजूला, एकच वेल हिरवागार होता. आजूबाजूचे सगळे पिवळे आणि हा एकटा हिरवा. मी चार दिवस त्याच्या शेजारून गेले होते, पण निरोगी वेलाकडं कोण बघतं?

खाली येताना तिनं सांगितलं. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या आधी सात-आठ वर्षं, गावात पटकीची साथ आली. रोज दोन-चार माणसं जायला लागली तसं गाव उठलं. अंजना सहा वर्षांची. आई दोन दिवस पडून होती, उठवत नव्हतं. बाप म्हणाला, पोरांना शेजारच्या गावात मावशीकडं टाकतो आणि सांजेला बैलगाडी घेऊन हिला न्यायला येतो. चुलतीनं निघताना चूल रिकामी केली, ओल्या मातीचं पोतेरं फिरवलं. घर सोडताना राखेची चूल मागं ठेवू नये म्हणून. आईच्या उशाशी पाण्याची घागर आणि पीठ ठेवलं. बापाच्या खांद्यावर धाकटा भाऊ होता, दुसऱ्या हातात गाठोडं.

‘‘बा मला म्हन्ला, अंजे, कडी लाव भाईरून, नायतर कुत्री शिरतील. म्या टाचा वर करून कडी लावली. आतून आय म्हन्ली, सांजच्याला या गं.’’

‘‘मग?’’

‘‘शेजारच्या गावानं आमाला येशीतच आडवलं. रोगट गावची मानसं म्हणून. रानात ऱ्हायलो. बा माघारी गेला न्हाई, त्याला जाऊ दिलं न्हाई. मंग चौथ्या दिशी गेला म्हणं. आला आन म्हन्ला, गेली तुझी आय. कडी काढली, सगळं उरकून आलो. खाली बघून बोलला. पुना त्या वाटंला गेला न्हाई, आमाला जाऊ दिलं न्हाई. आन मरस्तोवर कदी तिचं नाव घेतलं न्हाई.’’

रहीमभाईंनी गाडीचा वेग कमी केला होता.

‘‘माझा इस्वास न्हाई बसला ताई,’’ ती म्हणाली. ‘‘बा गेलाच न्हाई आसं मला वाटतं. कडी कुनी काढली का न्हाई, येवढंच मला पायजे. म्या लावल्याली हाय ती.’’

मग गाडी थोडी पुढं गेल्यावर विचारलं, ‘‘हे पिवळं कशानं पडतंय?’’

‘‘लोखंड मिळत नाही म्हणून.’’

‘‘मंग त्यो एकटा हिरवा कसा?’’

‘‘त्याला कुठून तरी मिळत असेल.’’

‘‘कडी लोखंडाची व्हती,’’ अंजनाबाई म्हणाली.

मी तिला समजावलं, की गंजलेलं लोखंड वेलाच्या कामाचं नसतं, चुन्याच्या मातीत तर नसतंच, शास्त्र तसं सांगत नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. माझ्या शास्त्राची तिला दया येत असावी.

कारखान्यात वेगळंच चाललं होतं. साहेबांना पिवळ्या ओळी उपटून टाकायच्या होत्या. केतकी मॅडमनी आणि मी गळ घातली की एक हंगाम बघू द्या. फेब्रुवारीत त्या ओळींचं द्राक्ष वेगळं तोडलं आणि वेगळ्या छोट्या टाकीत घातलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी मॅडमनी मला बोलावलं. त्या पेला नाकाशी धरून उभ्या होत्या आणि तोंड उतरलेलं.

‘‘घ्या, हुंगा.’’

मी वाइन पीत नाही, पण हुंगायला माझी ना नसते. पेला जवळ नेला आणि लहानपणी आईच्या मागं बसून रोज येणारा वास आला. पाणी मारून विझवलेल्या चुलीचा. ओल्या राखेचा.

‘‘कुणी आसपास पाचट जाळलं असेल,’’ मी म्हटलं. ‘‘धूर सालीवर बसतो.’’

‘‘मग डाव्या-उजव्या ओळींवर का नाही बसला? ते पण तपासलं मी.’’

मी पेला पुन्हा नाकाशी नेला. त्या हळूच म्हणाल्या, ‘‘मातीवाल्या बाई, तुमचं ते अत्तराचं वाक्य परत म्हणून दाखवा बरं.’’ त्या चेष्टा करत होत्या, पण त्यांच्या हातावरची लव उभी होती. वाइन मात्र अशी खोल, अशी खारट-तुरट आणि लांबत जाणारी, की साहेबांनी चाखल्याबरोबर उपटायची भाषा सोडली. उलट, हे असं का होतं ते शोधा म्हणाले. मला तेवढंच हवं होतं. मी हिरव्या वेलापाशी खड्डा मागितला.

मे महिन्यात खड्डा घेतला. अंजनाबाई सकाळपासून लिंबाखाली बसून होती. वीतभर भरावाची माती, मग दोन-अडीच फूट पांढरी, पडलेल्या भिंतींची. त्याखाली सारवलेली जमीन लागली. थराथरानं सारवलेली, पुस्तकाची पानं असावीत तशी. त्या जमिनीवर, खड्ड्याच्या आतल्या बाजूला, चूल होती. तिचे दोन कान शाबूत होते. गडी म्हणाले, आता आम्ही जेवून येतो, आणि निघून गेले. माझ्या लक्षात आलं, त्यांना तिथं थांबायचं नव्हतं.

भर दुपार. वारा नाही, पाखरू नाही. खड्ड्यात मी एकटी. खड्डा वरच्यापेक्षा गार असतोच, त्यात नवल नाही, पण त्या दिवशी माझ्या दातांवर दात वाजत होते. बोळीच्या बाजूला वेलाचं मूळ खाली उतरलं होतं, अंगठ्याएवढं जाड. ते एका जागी वळून कशाला तरी वेढा घालून बसलं होतं. मी ब्रशनं माती झाडली. आधी उंबऱ्याचा दगड दिसला. मग मुळाच्या वेढ्यात लोखंड. मी सुरीनं मूळ कापलं आणि ते हातात घेतलं. कडी होती, तिच्या साखळीचे चार दुवे आणि कोयंडा. कडी कोयंड्यावर चढवलेली, गंजानं एकजीव झालेली. साठ-पासष्ट वर्षं ती कुणी काढली नव्हती.

वरून पावलं वाजली. मी विचार केला नाही. हातात होती ती नमुन्याची कापडी पिशवी उघडली, कडी आत टाकली, वर मूठभर माती टाकली आणि दोरी ओढली.

अंजनाबाई खड्ड्यात उतरली. मी हात द्यायला गेले तर माझा हात झटकला. चुलीपाशी उकिडवी बसली, बोटानं कड चाचपली, आणि मला मीटरपट्टी लावूनही जे दिसलं नसतं ते तिला नुसतं बघून दिसलं.

‘‘ताई, हे बघा. हे चुलतीचं पोतेरं.’’ चुलीच्या तळाला गुळगुळीत पिवळसर थर होता. तिनं नखानं वरची माती ओरखडली. ‘‘आन हे काय हाय?’’

पोतेऱ्याच्या वर राख होती. मऊ, करडी, दोन बोटं जाड.

‘‘पोतेरं केल्यावर कुनी पेटवली?’’ तिचा आवाज चिरकला. ‘‘ती उठली व्हती ताई! आय उठली व्हती! भाकर केली तिनं. ही येका दिसाची राख न्हाई. पाच-सा दिसाची हाय. खाली बघा, ही गवरीची राख. आन वर हा कोळसा, लाकडाचा. घरात लाकूड नव्हतं, म्हाईत हाय मला. म्हंजी ती भाईर गेली, रानातून लाकूड आनलं.’’ तिनं माझं मनगट धरलं. ‘‘म्हंजी कडी निघाली व्हती. बा आला तवा ती गेली आसंल कुटंतरी. लाज वाटली आसंल त्याला, म्हणून खोटं बोलला. व्हय का न्हाई?’’

मी त्या कोळशाकडं बघत होते. त्यातला एक तुकडा गोल होता, कातलेला, गुळगुळीत. रानातलं लाकूड कातलेलं नसतं. बाजेचा पाय असतो.

‘‘कडी घावली का?’’ अंजनाबाईनं विचारलं.

पिशवी माझ्या मांडीवर होती. मी तोंडाळ बाई आहे, साहेबांना, सासूला, कुणाला मी खरं बोलायला भ्यालेली नाही. त्या क्षणी मी पिशवीची दोरी आणखी घट्ट ओढली.

‘‘सापडली,’’ मी म्हटलं. ‘‘निघालेली होती. मी हात लावला आणि भुगा झाला, मातीत मिसळला.’’

तिनं डोळे मिटले. मग दोन्ही हात चुलीच्या कानांवर ठेवून रडली. इतक्या वर्षांचं रडली.

मी खड्डा एक मीटरच्या पुढं नेला नाही. त्या खोलीचा बाकीचा भाग मी खणू दिला नाही. चुलीच्या पलीकडं काय आहे ते बघायचं धाडस मला झालं नाही, आणि आजही झालं नसतं. घराला माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत होतं, त्यात झरोका असतो, चढून कुणी निघूही शकतं, असं मी मनाशी घोकत राहिले. संध्याकाळच्या आत माती लोटून खड्डा बुजवला. आमच्या अहवालात एक रकाना असायचा, ‘खड्ड्यात आढळलेल्या इतर वस्तू’. त्यात मी लिहिलं, निरंक. नोकरीत मी भरलेला तो एकच खोटा कागद. आणि अंजनाबाईला एकच गोष्ट दोनदा खोटी सांगितली गेली. एकदा बापानं आणि एकदा मी.

त्यानंतर ती बदलली. फटकळपणा कमी झाला, वेल बांधताना गुणगुणायला लागली. मी स्वतःला म्हणायची, बाई, आयुष्यात एक तरी काम चांगलं केलंस. कडी मी घरी नेऊन कपाटात, पावत्यांच्या डब्यामागं ठेवली होती. सासूबाईंनी एकदा विचारलं, ‘‘हे गंजकं काय गं?’’ मी म्हटलं, ‘‘नमुना.’’

ऑक्टोबरची छाटणी झाली, पालवी फुटली. एका दुपारी मी त्या तुकड्यात गेले तर अंजनाबाई हिरव्या वेलापाशी उभी होती. हातात सुतळी, पण बांधत नव्हती. तो वेल पिवळा पडला होता. शेजाऱ्यांपेक्षाही जास्त, पार लिंबासारखा.

‘‘मूळ कापलं गेलं होतं ना खड्ड्यात,’’ मी न विचारताच बोलले. ‘‘त्यानं होतं असं.’’

तिनं मान डोलावली. पान उलटून बघितलं, हिरव्या शिरा बघितल्या.

‘‘तुमीच सांगितलं व्हतं ताई. लोखंड मिळंना की पिवळं पडतं.’’

‘‘हो, पण...’’

‘‘भुगा झाला आसता तर मातीतच ऱ्हायला आसता. येल हिरवा ऱ्हायला आसता.’’

शास्त्र माझ्या बाजूला होतं. गंजानं वेल हिरवा होत नसतो. कापलेल्या मुळानं पिवळा पडतो. सगळी उत्तरं मला येत होती. मी खाली बघितलं.

‘‘बा बी आसाच बोलला व्हता,’’ अंजनाबाई म्हणाली. ‘‘खाली बघून.’’

मग विचारलं, ‘‘लावल्यालीच हाय ना?’’

मी मानेनंच हो म्हटलं.

‘‘आणून देऊ?’’

‘‘नगं. तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या.’’ तिनं सुतळी कमरेला खोचली. माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ‘‘बरं केलं तुमी. सा म्हैने झोप लागली मला.’’

त्या फेब्रुवारीच्या वाइनमध्ये चुलीचा वास नव्हता. केतकी मॅडम म्हणाल्या, खालच्या शिवारात यंदा कुणी पाचट जाळलं नाही. असेल तसंही. पुढं साहेबांनी इतर मळ्यांत त्या चवीसाठी गाडीगाडीनं पांढरी माती आणून टाकली, माझं न ऐकता. काही उपयोग झाला नाही. माती वाहून नेता येते, जागा येत नाही.

अंजनाबाई त्यानंतर दोन हंगाम कामाला होती. बाकीच्या बाया दुपारी लिंबाखाली जेवायला बसायच्या, ती मात्र त्या पिवळ्या वेलापाशी, उन्हात. मी एकदा मागून गेले तेव्हा ती फडक्यातली भाकरी सोडत होती. पहिला घास मोडून तिनं जमिनीवर ठेवला. मग रिकाम्या हवेत, सहा वर्षांच्या पोरीचा टाचा वर करून जिथवर हात पोचेल तितका, हात वर करून तिनं काहीतरी बाजूला सरकवलं, आणि खाली वाकून म्हणाली, ‘‘आये, उशीर झाला गं.’’